तिसरा मसुदा

श्रीमती हालव्हरसन म्हणाल्या, पहिलं पत्र फार रडकं आहे,
दुसरं फार ताठ.
पेन्सिलीच्या हलक्या खुणांसकट दोन्ही कागद परत दिले.
तामंदानी, आकडे लिही. तारखा लिही.
जे घडलं ते तू इथं आल्यानंतर घडलं, हे लिही,
आणि ते अनपेक्षित होतं.

म्हणून हा तिसरा.

झोंबाला माझ्या वडिलांचं खिळे-पत्र्यांचं दुकान आहे.
एका गुरुवारी सरकारनं क्वाचाची किंमत उतरवली.
कुलपाला किल्ली लावली तेव्हा वडील
माझ्या दोन सत्रांची फी भरू शकणारे गृहस्थ होते.
कुलूप निघेपर्यंत एकाच सत्राची,
तीही अर्धीमुर्धी.

अनपेक्षित. या शब्दापाशी मी अडते.
आई वर्षभर आधीपासून साखर साठवत होती,
खाटेखाली, पिठाच्या डब्यामागे,
कुणाला न सांगता.
आईला दिसलेलं धरतात का, हे नियमात नाही.
मी साखर खोडते.

बँकेत एकशे बारा डॉलर.
एक जाड कोट, कुणीतरी दिलेला,
खिशात त्यांच्या कुत्र्याचं बिस्किट निघालं, ते अजून आहे.
जेवणघरात बश्या धुण्याचे आठवड्याला अठरा तास होते,
आता नऊ.

रस्त्यापलीकडे रैमो कार्वोनेनची बेकरी.
काचेवर पाटी: पहाटे चार ते आठ, माणूस हवा.
सतरा पावलं. मी मोजलीत.
या कडेला मी विद्यार्थिनी,
त्या कडेला फार तर गिऱ्हाईक,
तिथं एप्रन बांधला की गुन्हेगार.
डुलुथच्या थंडीत वेलदोड्याचा वास मात्र
कुणाला न विचारता रस्ता ओलांडतो.

मागच्या दारानं ये, कार्वोनेन एकदा हळूच म्हणाले,
रोख देईन. कोण बघतंय?
म्हटलं, बर्फ. पावलं उठतात.
ते हसले नाहीत.
कालचा पाव पिशवीत घातला,
मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले.
घेतले म्हणून बरं वाटलं.

अर्जाची फी माझ्या शिलकीच्या चौपट.
कमवू द्या, एवढं विचारायला
आधी कमावलेलं लागतं.
परवानगी मागणंच परवडत नव्हतं.
गुलनोझानं सायकल विकली आणि म्हणाली, तशीही बर्फात चालत नाही.
उरलेले एका पाकिटात आले, दाराच्या फटीतून.
आत चिठ्ठी नव्हती. वर फक्त माझं नाव,
पेन्सिलीनं, हलक्या हातानं.
ही रक्कम कुठल्या रकान्यात भरायची
हे मी श्रीमती हालव्हरसनना विचारलं नाही.

वडिलांचं पत्र जोडावं लागतं:
मी मुलीचा खर्च उचलू शकत नाही, खाली सही.
त्यांनी लिहून पाठवलं, सध्या उचलू शकत नाही.
मी कळवलं, ‘सध्या’ नको.
दुसऱ्यांदा आलं, सध्या.
तिसऱ्यांदाही, अक्षर जरा मोठं.
फोनवर म्हणतात, दुकान छान चाललंय.
मागे पत्रा कापल्याचा आवाज येत नाही.
सध्यासकट जोडलंय.

मी चांगली विद्यार्थिनी आहे, हेही लिहायचं असतं.
मृदाशास्त्रात वर्गात दुसरी.
सरोवराच्या काठची माती गोठलेली असताना
तिच्यात काय चालू असतं, हे मी सांगू शकते.
बरंच काही चालू असतं.

आज टपाल कचेरीत पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.
पलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं,
रोज शेकड्यांना विचारत असतील तसं:
आत काही फुटणारं? नासणारं? पेट घेणारं?

नाही, मी म्हटलं.
कागदच आहेत.